बदक शिजेपर्यंत

नाताळच्या पहाटेची मिस्सा आटपून लिस्सी घरी आली, तर स्वयंपाकघर पांढरंशुभ्र झालं होतं. बाहेर धुकं इतकं दाट होतं, की तेच खिडकीतून आत शिरून जमिनीवर बसलंय असं तिला क्षणभर वाटलं. पण धुकं पायाला चिकटत नाही आणि हे चिकटत होतं. तिने दिवा लावला आणि डोक्यावरचा पदर तसाच ठेवून ती दारात उभी राहिली.

ते आप्पाचं, म्हणजे तांदळाच्या जाळीदार घावनांचं, पीठ होतं. यंदा डिसेंबरात थंडी जरा जास्त पडली होती. पीठ फुगतंय की नाही या काळजीने तिने आदल्या संध्याकाळी त्यात नेहमीपेक्षा दुप्पट ताडी घातली. तेवढ्याने समाधान होईना म्हणून निघताना पातेलं चुलीच्या कट्ट्यावर, उबेला नेऊन ठेवलं. चुलीवर पितळी उरुळीत बदकं मंद आचेवर शिजत होती. इकडे चर्चमध्ये लिस्सी गुडघे टेकून घरादारासाठी प्रार्थना करत होती आणि तिकडे पीठ फुगत होतं. फुगून ते काठाशी आलं, काठावरून कट्ट्यावर आलं, कट्ट्यावरून सरळ चुलीत उतरलं आणि चूल विझवून जमिनीवर पसरलं. तिने बदकाला पळीने टोचून पाहिलं. आणखी थोडं पाणी घातलं असतं तर ते पोहायला निघालं असतं, इतकं कच्चं होतं.

गॅस होता, पण उरुळीचा घेर त्या शेगडीवर मावणारा नव्हता. शिवाय बदक चुलीवरच शिजायला हवं हा सासूबाईंचा दंडक, आणि आज तरी तो मोडायची तिची इच्छा नव्हती. आज मोठे दीर, मधले दीर, नणंद आणि त्यांची सगळी पोरंबाळं येणार होती. तिचा नवरा कुंजुमोन चर्चमधूनच परस्पर नाव घेऊन पलीकडच्या धक्क्यावर त्यांना आणायला गेला होता. जायला अर्धा तास आणि यायला अर्धा तास, एवढाच काय तो वेळ होता.

कुट्टनाडच्या त्या भागात घरं पाण्यात उभी असल्यासारखी दिसतात. अंगण संपलं की पायऱ्या, पायऱ्या संपल्या की पाणी. रिवाजाप्रमाणे हे घर धाकट्या मुलाकडे आलं होतं. धाकटा म्हणजे कुंजुमोन. त्याने पन्नाशी ओलांडली होती, केस विरळ झाले होते, तरी घरात तो कुंजुमोनच, म्हणजे छोटा बाळ. घर त्याचं, पण येणारा प्रत्येक जण त्याच्याहून मोठा आणि त्याला हुकूम सोडण्याचा जन्मसिद्ध हक्क असलेला. वर्षानुवर्षं नाताळला सगळे इथेच जमत. अम्मच्ची होती तोवर कुणाची न येण्याची छाती नव्हती.

अम्मच्ची म्हणजे लिस्सीची सासू. तिचं बोलणं म्हणजे रागावणं, दुसरा प्रकार नव्हता. तिने अंगणातून हाक मारली की तीन कालव्यांपलीकडची माणसं दचकून आपल्या हातून काय चुकलं ते आठवू लागत. दोन वर्षांपूर्वी ती गेली. गेल्या साली दुखवट्यामुळे नाताळ झाला नाही. यंदाचा हा तिच्यामागचा पहिलाच, लिस्सीच्या एकटीच्या हातचा. अम्मच्ची असती तर, असं एकानेही म्हणू नये एवढंच लिस्सीला हवं होतं. त्यासाठी ती आठवडाभर राबत होती, आणि आता पायाखाली पीठ होतं.

तिने चांगली साडी सोडून गाऊन चढवला, खांद्यावर पंचा टाकला आणि कामाला भिडली. सरपण धुक्याने दमट झालेलं. फुंकून फुंकून तिचे डोळे लाल झाले. जमीन पुसायला वेळ नव्हता, पण ते काम कैसर नावाच्या कुत्र्याने आपण होऊन अंगावर घेतलं. नाताळाआधीचा पंचवीस दिवसांचा उपास घरातल्या माणसांबरोबर त्यालाही घडला होता. त्याने दारापासून चुलीपर्यंतचं पीठ चाटून स्वच्छ केलं आणि मग आतल्या दुप्पट ताडीने आपलं काम केलं. तो दोन पावलं तिरका चालला, भिंतीला टेकला आणि घोरू लागला.

चूल एकदाची धरली आणि तेवढ्यात लिस्सीच्या कानावर आवाज आले. अगदी जवळून, पायऱ्यांच्या समोरून. ती खिडकीशी गेली. बाहेर काहीही दिसत नव्हतं. शेजारच्या पाप्पच्चनच्या घरावरचा कागदी तारासुद्धा नुसता तांबूस डाग होऊन हवेत टांगला होता. दिसत काही नव्हतं, पण ऐकू मात्र कुणी कानाशी बसून बोलावं तसं येत होतं.

"बांबू गेला म्हणजे कुठं गेला?" हा आवाज नणंदेचा, एलीचेचीचा, म्हणजे एलीताईचा. शाळेत हेडमास्तरीण होती. निवृत्त झाली तरी प्रश्न विचारायची तऱ्हा तीच राहिली होती.

"गाळात रुतला," थोरले दीर वर्कीच्चायन म्हणाले. "मी सोडला नसता तर मीही तिथंच राहिलो असतो."

हळूहळू सगळा प्रकार लिस्सीच्या ध्यानात आला. धक्क्यावरून निघाल्यावर कुंजुमोनचं नाव ढकलणं वर्कीच्चायनना पसंत पडलं नव्हतं. एर्नाकुलमला बँकेत मॅनेजर म्हणून जन्म काढला असला तरी आपण याच पाण्यात वाढलो, असं म्हणून त्यांनी बांबू आपल्या हाती घेतला होता. मग त्यांनी नाव जलपर्णीच्या दाट थरात घातली, बांबू गाळात खोल रोवला, आणि नाव पुढे गेली तशी बांबू मागे राहिला. एक वल्हं होतं, पण जलपर्णीत वल्हं चालत नाही. आता डझनभर माणसं, केकची खोकी, केळ्याचे वेफर, द्राक्षाच्या दारूच्या बाटल्या आणि दोन रडकी नातवंडं घेऊन नाव जिथल्या तिथे उभी होती. आपण मोठ्या पाण्याच्या मधोमध अडकलोय याबद्दल वर्कीच्चायनना तिळमात्र शंका नव्हती. नाव घराच्या पायऱ्यांपासून दहा हातांवर होती.

लिस्सीने हाक मारायला तोंड उघडलं. मग तिची नजर उरुळीकडे गेली. बदकाला जेमतेम पहिली वाफ येत होती. ही मंडळी आत्ता वर आली तर काय वाढायचं? पाचच मिनिटं, असं मनाशी म्हणून तिने तोंड मिटलं. तशीही नाव काही बुडत नव्हती.

पाच मिनिटांत काय काय ऐकायला मिळतं! तिकडे वर्कीच्चायनच्या बायकोचा, सूसीचा आवाज आला. सूसी शहरात वाढलेली, नाजूक बोलणारी. ती म्हणत होती की म्हणूनच पुढल्या वर्षापासून नाताळ एर्नाकुलमला आमच्या फ्लॅटवर करायचा. लिफ्ट आहे, गाड्या लावायला जागा आहे, जेवण बाहेरून मागवता येतं. वर्कीच्चायन म्हणाले, हो, मी जेवणानंतर सगळ्यांसमोर सांगणारच आहे. एलीचेची म्हणाली, आता अम्मच्चीही नाही, एवढा द्राविडी प्राणायाम कशासाठी.

"तुला काही अडचण नाही ना, कुंजुमोन?" वर्कीच्चायनने विचारलं. "लिस्सीचेही कष्ट वाचतील."

कुंजुमोनने वल्हं नावेत आडवं ठेवल्याचा आवाज आला. लिस्सी हातातली पळी तशीच धरून चुलीपाशी बसली. दर डिसेंबरात कंबर धरून तिने हेच तर म्हटलं होतं, की कुणीतरी हे सगळं एकदा आपल्या घरी न्या. आणि आज कुणी नेतो म्हणत होतं, तर तिला इतका संताप आला की चुलीतला धूर पुरेसा नव्हता का, वर हे डोळ्यांतलं पाणी कशाला, असं तिला झालं. नाताळच्या दिवशी आपल्या पायऱ्यांना एकही नाव लागणार नाही. आपण दोघं समोरासमोर बसून दोन आप्पे खाणार आणि दुपारी झोपणार. हे चित्र तिला मुळीच सहन होईना.

नावेत तोवर वेगळंच भांडण पेटलं होतं. वर्कीच्चायन आणि मधला भाऊ तोमाच्चन एकमेकांशी बोलत नसत. अम्मच्चीच्या अंत्यविधीच्या वेळी शवपेटीभोवती सगळ्या कुटुंबाचा फोटो काढला होता, त्यात वर्कीच्चायनचं डोकं आडवं आल्याने तोमाच्चनचा नुसता एक कान दिसत होता. तो फोटो मोठा करून चार घरांत लागला. पोटच्या मुलाचा आईच्या अखेरच्या फोटोत फक्त कान, म्हणून तोमाच्चनने अबोला धरला तो दोन वर्षं टिकला होता. जे काही बोलायचं ते एलीचेचीमार्फत चाले.

"एलीचेची, त्यांना सांग, नाव उजवीकडं रेटायला हवी."

"एली, त्याला सांग, उजवीकडं समुद्र आहे."

हे ऐकताना लिस्सीच्या हातून झाकण निसटलं. पितळी झाकण ते. गरगर फिरत, वाजत वाजत जाऊन भिंतीला लागलं.

"कुणीतरी आहे तिकडं," वर्कीच्चायन म्हणाले आणि हात तोंडाशी नेऊन ओरडले, "अहो, कोण आहे? हा कुठला काठ?"

गप्प राहावं तर ते पुन्हा ओरडणार आणि शेजारचा पाप्पच्चन ओ देणार. पाप्पच्चन अंथरुणातूनही ओ देणारा माणूस होता. काहीतरी बोलणं भाग होतं आणि ते आपल्या आवाजात बोलून चालणार नव्हतं. कुणीतरी परकी म्हातारी व्हावं असं लिस्सीने ठरवलं, घसा खाकरला आणि खिडकीतून धुक्यात आवाज सोडला.

"कोण रे ते बोंबलतंय? सणाच्या दिवशी तरी माणसाला निवांत बसू द्याल का नाही?"

तो आवाज ऐकून सगळ्यात आधी लिस्सीच दचकली. तिने तोंडावर हात ठेवला. तिला परकी म्हातारी व्हायचं होतं, पण जन्मात जवळून ऐकलेली म्हातारी एकच. वीस-बावीस वर्षं सकाळ-संध्याकाळ जो आवाज कानावर पडला, तो केव्हा कानातून उतरून घशात जाऊन बसला होता याचा तिलाच पत्ता नव्हता. सासूने जाताना दागिने लेकीला दिले, शेतं मुलांना दिली आणि हिच्याकडे हे ठेवून गेली होती.

पाणी लाकडावर हलकं आपटत होतं तेवढंच ऐकू येत होतं. मग एलीचेची "अम्म..." एवढं म्हणून थांबली. दोन्ही नातवंडंही रडायची थांबली.

"आम्ही..." वर्कीच्चायन म्हणाले. त्यांच्या आवाजातला बँक मॅनेजर कुठल्या कुठे गेला होता. "आम्ही वाट चुकलो."

आता मागे फिरायची सोय नव्हती. आणि खरं सांगायचं तर लिस्सीला फिरायचंही नव्हतं. इतक्या वर्षांनी या आवाजाच्या अलीकडच्या बाजूला उभं राहायला मिळत होतं.

"वाट चुकलो म्हणे. मिशा पांढऱ्या झाल्या असतील, आणि वाट चुकलो."

"आजोबांनी मिशीला हात लावला," एक नातवंड म्हणालं.

"बांबू कुणी घालवला?"

"मी. पण तिथं गाळच इतका..."

"उलट बोलू नकोस."

"नाही," वर्कीच्चायन म्हणाले.

"आणि एवढ्याशा नावेत दोन भाऊ एकमेकांशी बोलत नाहीत. मी काय बहिरी आहे? माकडं मेली. आत्ताच्या आत्ता बोला, नाहीतर तिथंच बसा दिवसभर."

लिस्सीने तेवढ्यात बदक हलवलं. मग तोमाच्चन, एलीचेचीला मध्ये न घालता, सरळ म्हणाला, "तुझं डोकं आडवं आलं."

"अरे, मी मान खाली घालून रडत होतो," वर्कीच्चायन म्हणाले. "फोटोवाला म्हणाला मान वर करा, केली. मागं कोण उभं आहे ते बघायचं भान होतं का मला?"

"मला कुठं माहीत होतं तू रडत होतास?"

"सांगणार कसं? तू बोलत कुठं होतास?"

एलीचेची म्हणाली, त्या फोटोत माझेही डोळे मिटलेले आहेत, मी धरला का कुणाशी अबोला? कुंजुमोन म्हणाला, माझ्या तोंडावर माशी आहे. सूसी हळूच म्हणाली, माझी तर पाठच आली आहे.

"म्हणजे त्या अख्ख्या फोटोत," तोमाच्चन विचार करून म्हणाला, "एकटी अम्मच्चीच काय ती नीट आलीय."

हे बोलायला नको होतं असं वाटण्याइतका वेळ गेला. मग कुणीतरी फस्सकन हसलं. ते हसू दाबायला गेलेल्या दुसऱ्याला ठसका लागला, आणि मग ती नाव हसण्यानेच डुलायला लागली. वर्कीच्चायन हसत होते की रडत होते ते नुसत्या आवाजावरून कळत नव्हतं. कुणीतरी केकचं खोकं उघडलं. कुणीतरी म्हणालं, बाटलीही उघडा, नाहीतरी इथेच राहायचंय.

लिस्सी चुलीपाशी बसून ऐकत राहिली. धुक्यात आवाजांना वय नसतं. समोर माणसं दिसत असती तर टक्कल, चष्मे, गुडघेदुखी सगळं दिसलं असतं. इथे फक्त चार भावंडं होती, आणि ती एकमेकांचं बोलणं तोडून सांगत होती. बदकीच्या खालची अंडी काढून तिच्याखाली लिंबं कुणी ठेवली, ती बिचारी किती दिवस त्या लिंबांवर बसली, मार कुणी खाल्ला आणि खरं तर कुणी खायला हवा होता. लिस्सी या घरात आली त्याच्या कितीतरी आधीचं हे सगळं. तरी आपणही त्या अंगणात कुठेतरी फ्रॉक घालून उभ्या होतो असं तिला वाटत राहिलं. मग एलीचेचीने एक जुनी नाताळची ओळ गुणगुणायला घेतली आणि एकेक जण त्यात मिसळत गेला. बेसूरच होतं, पण पाण्यावरून येता येता बरं लागत होतं. चुलीतली लाकडं आता धडधडून पेटली होती. मसाल्याचा वास खिडकीबाहेर गेला आणि धुक्यात हरवला.

गाणं संपल्यावर कुंजुमोनने हाक मारली.

"काय हो अम्मच्ची, तुमच्याकडचं बदक शिजलं का?"

लिस्सीच्या हातातली पळी थांबली. हा माणूस जाणत होता. दहा हातांवर आपलं घर आहे हे ज्याला कळणार नाही असा कुंजुमोन नव्हता. हे पाणी तो डोळे मिटूनही ओळखायचा. इतका वेळ तो मुद्दाम गप्प होता. तिला त्याचा राग यायला हवा होता, पण आला तो वेगळाच काहीतरी उमाळा.

"अजून कडक आहे," ती त्याच आवाजात म्हणाली. "पाव तास लागेल."

"लागू द्या," कुंजुमोन म्हणाला. "आम्हाला काही घाई नाही."

पाव तासाने बदक शिजलं आणि जणू त्याचीच वाट बघत असल्यासारखं धुकं उठलं. आधी पाप्पच्चनचा तारा दिसला, मग नारळाचे शेंडे, मग पायऱ्या, आणि मग सगळंच. नावेतल्या मंडळींनी समोर पाहिलं. समोर घर होतं. खिडकीत लिस्सी होती, गाऊनमधली, खांद्यावर पंचा, गालाला काजळी, हातात पळी. एलीचेचीच्या हातातला केक तोंडाशी जाता जाता थांबला. लिस्सीला वाटलं, चुलीतच शिरावं.

कुंजुमोन शांतपणे कमरेचा मुंडू वर खोचून नावेतून खाली उतरला. पाणी त्याच्या कमरेला लागलं. त्याने जलपर्णी हाताने बाजूला सारली आणि नाव ओढून पायरीला लावली.

"एवढंच पाणी होतं?" वर्कीच्चायनने विचारलं.

"आत्ता ओहोटी लागली असेल," कुंजुमोन म्हणाला.

जेवणं झाली. आप्पे माणशी दोनच आले, पण बदक असं उतरलं होतं की त्याची कुणाला आठवण राहिली नाही. सगळे फार सभ्यपणे जेवले. वर्कीच्चायन आणि तोमाच्चन शेजारी शेजारी बसले आणि एकमेकांच्या पानात वाढत राहिले. सकाळबद्दल कुणीच काही काढेना. लिस्सी वाढताना खाली बघत होती. अम्मच्ची असती तर, असं आज कुणी म्हणालं नव्हतं, पण त्याचा आनंद मानायचा की यांना आपला राग आलाय असं समजायचं, हे तिला कळत नव्हतं. मेलेल्या आईचा आवाज काढून तिच्या लेकरांची थट्टा केली, असंच तर दिसलं असणार.

शेवटी वर्कीच्चायनने घसा साफ केला. "आम्हाला तुम्हा दोघांना एक सांगायचं होतं," ते म्हणाले. लिस्सीने भाताचं भांडं घट्ट धरलं. वर्कीच्चायनने सूसीकडे पाहिलं, सूसीने पानाकडे पाहिलं. "ते नंतर सांगतो," ते म्हणाले आणि हात धुवायला उठले.

लिस्सी स्वयंपाकघरात येऊन भांड्यांच्या ढिगापाशी उभी राहिली, तर मागोमाग एलीचेची आली. ती पायऱ्यांवर जाऊन आली होती. पाय घोट्यापर्यंत चिखलाचे, आणि तशीच ती नुकत्याच पुसलेल्या जमिनीवरून थेट मधोमध येऊन उभी राहिली.

"मी ओल्या पायानं आत आलेय," ती म्हणाली.

"असू दे चेची, मी पुसते."

एलीचेची हलली नाही. "असू दे काय? सगळा चिखल केलाय मी."

लिस्सीने वर पाहिलं. साठी उलटलेली ती हेडमास्तरीण हात मागे बांधून, मान थोडी खाली घालून उभी होती. तेव्हा कुठे लिस्सीच्या डोक्यात प्रकाश पडला. तिने एक श्वास घेतला.

"डोळे फुटले का तुझे?" तो आवाज म्हणाला. "आत्ता पुसली होती जमीन. एवढी घोडी झालीस, पण पाय धुवायची अक्कल नाही आली. हो बाहेर."

एलीचेचीने डोळे मिटून ते सगळं ऐकून घेतलं. "बरं," ती म्हणाली, नाक ओढलं आणि तृप्त चेहऱ्याने बाहेर गेली.

ती जाते न जाते तोच वर्कीच्चायन रिकामा ग्लास घेऊन दारात आले. पाणी हवंय म्हणाले. पाणी दिलं तरी जाईनात. इकडे तिकडे बघून म्हणाले, तो बांबू अजून गाळातच आहे. मग इथं काय मुहूर्त बघतोयस, म्हणून त्यांनाही मिळालं, आणि ते पँट गुडघ्यापर्यंत दुमडून तोमाच्चनला हाका मारत निघाले. तोमाच्चन आधीच दाराबाहेर आपल्या पाळीची वाट बघत उभा होता. त्याला दोन वर्षांच्या अबोल्याबद्दल व्याजासकट ऐकावं लागलं.

सगळ्यात शेवटी सूसी आली. तिच्या हातात ग्लास नव्हता, पायाला चिखल नव्हता. रेशमी साडी सावरत ती उंबऱ्याच्या अलीकडे थांबली. एर्नाकुलमचं सांगायला आली असणार, असं समजून लिस्सीने कंबर कसली.

"मला त्या कधी रागावल्या नाहीत," सूसी म्हणाली.

लिस्सीला नीट कळलं नाही.

"तीस वर्षांत एकदाही नाही. मी आले की खुर्ची पुसायच्या, कपाटातली चांगली बशी काढायच्या. बाहेर तुम्ही सगळ्या शिव्या खात हसत असायचात. मी आपली त्या बशीतलं खात बसायची." तिने पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. "म्हटलं, आमच्याकडं सगळे आले तर निदान तिथं तरी मी घरची असेन."

त्या चांगल्या बशीवर लिस्सी इतकी वर्षं मनातून जळत आली होती. आपल्याला कधी एकदा तरी तीत वाढावं, असं तिला दर नाताळला वाटायचं. आणि इकडे ही बाई शिव्यांसाठी झुरत होती. लिस्सीने हात पंचाला पुसले. मग तिने तो आवाज लावला.

"मग तिथं उंबऱ्यावर काय उभी आहेस पाहुणीसारखी?" ती म्हणाली. "एवढा ढीग पडलाय तो दिसत नाही? म्हणे फ्लॅट. पुढल्या वर्षी दोन दिवस आधी यायचं, मुकाट्यानं. बदकं साफ करायला मला माणूस लागतं."

"मला बदक साफ करता येत नाही," सूसी म्हणाली.

"वर तोंड करून सांगतेय. शिकशील."

सूसीने हो म्हणून मान हलवली, डोळे पुसले, पदर खोचला आणि ती उष्ट्या ताटांपाशी फतकल मारून बसली.